जळगावहून पुण्याला गोल्फची सहल: सोळा जण, चार गट, एक बस

आमच्या क्लबात गोल्फच्या सहलीला नाव देणारे तीन प्रकारचे असतात. पुण्या-मुंबईत नोकरी करून परतलेले, ज्यांची बॅग आता माळ्यावर आहे. परदेशी मुलाकडे गेल्यावर दोन-चारदा खेळून आलेले. आणि ज्यांनी स्टिक कधी धरलीच नाही, पण ‘बस जातेय ना, मग आम्हीही’ म्हणणारे. तिसरा प्रकार दरवेळी सगळ्यात मोठा निघतो. आम्ही सहलीची सगळी आखणी त्यांना धरूनच करतो, कारण कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, सगळ्यात हळू चालणारा गट बाकी सगळ्यांची जेवणाची वेळ ठरवतो. चांगल्या खेळाडूला कोणतीही पद्धत चालते, नवख्याला चालत नाही.

आम्ही पुणं निवडतो. अठरा होलचे (होल म्हणजे चेंडू मारत नेऊन एका खळग्यात घालायचा एक टप्पा) कोर्स तिथे आहेत आणि रात्री राहण्याची सोय सोपी पडते. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स शहरातच आहे. पश्चिमेकडचा ऑक्सफर्ड डोंगरउतारावरचा, तिथे बॅटरी गाडीशिवाय वयस्कर सभासदांची दमछाक होते. कोर्स ठरवताना आधी सभासदांचे गुडघे मोजावेत, मग पैसे.

तारीख काढणं हे वाटतं त्यापेक्षा किचकट काम. जून ते सप्टेंबर पाऊस आणि विजांची भीती. मार्च अर्धा सरला की आमच्याकडची माणसं उन्हाचं नाव काढत नाहीत, कारण पुढचे तीन महिने ते घरी फुकट मिळतंच. आम्ही धरतो ते डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. त्यात जिनिंगवाल्यांचा कापसाचा हंगाम, लग्नाच्या तिथी आणि नाताळची गर्दी. सराफ सभासद गुरुपुष्यामृताला दुकान सोडत नाहीत, तेव्हा पंचांग उघडून ते गुरुवार आधी खोडायचे. शनिवार-रविवारी कोर्सवर त्यांच्याच सभासदांचा हक्क असतो, स्पर्धा असतात आणि पाहुण्यांचे दरही चढे. सोमवारी बरेच कोर्स देखभालीसाठी बंद. म्हणून गुरुवारी प्रवास, शुक्रवारी खेळ आणि त्याच दिवशी परत, असं आम्ही धरतो. जानेवारीचा शेवटचा किंवा फेब्रुवारीचा दुसरा आठवडा बहुतेकांना जमतो.

कोर्सला पहिला फोन सहा ते आठ आठवडे आधी करावा, आणि बोलणं झालं की तेच मुद्दे ईमेलने लिहून मागवावेत. पाहुणे स्वतःच्या नावावर खेळू शकतात की कुणा सभासदाची ओळख लागते? आपल्या क्लबशी त्यांचा परस्पर-सदस्यत्वाचा करार आहे का? ग्रीन फीमध्ये, म्हणजे खेळायच्या शुल्कात, कॅडी (बॅग वाहून सोबत चालणारा), गाडी, लॉकर आणि रेंजचे (सरावाच्या जागेचे) चेंडू येतात की वेगळे? सांगितलेला दर जीएसटी धरून की वगळून? बाहेरचं खाणं आत चालतं का? दोघांत एक बॅग चालते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘नाही’ येतं. नवख्या जोडप्याला वाटतं एका सेटमध्ये भागेल. भागत नाही, कारण दोघांचे चेंडू दोन टोकांना पडले की बॅग मध्येच उभी राहते आणि मागचा गट कमरेवर हात ठेवून बघत बसतो.

भाड्याच्या सेटचा आकडा नुसता ‘दहा सेट’ असा देऊ नये. उजव्या हाताचे किती, डाव्या हाताचे किती, महिलांचे किती, असा द्यावा. डाव्या हाताचा सेट सगळ्यात आधी संपतो आणि ऐनवेळी मिळतच नाही. महिलांच्या स्टिक आखूड आणि हलक्या असतात. पुरुषांचा सेट देऊन वहिनींना ‘चालवून घ्या’ म्हटलं की पहिल्या तीन होलमध्येच त्यांचं मन उडतं. कपड्यांचंही तेव्हाच विचारून सगळ्यांना कळवावं. कॉलरचा टी-शर्ट, जीन्स नाही, बुटांना लोखंडी खिळे नाहीत, हे जवळपास सगळीकडे सारखंच. खास बूट घ्यायची गरज नाही, खाचा असलेले स्पोर्ट्स शूज पुरतात. एक जादा मोजे-जोड मात्र हवी, कारण फेब्रुवारीच्या सकाळी दवाने पाय भिजतात.

नावं तीन टप्प्यांत घ्यावीत. ग्रुपवर विचारलं की पंचवीस हात वर होतात. त्या याद्यांना काही अर्थ नसतो. दुसऱ्या टप्प्यात निम्मे पैसे आगाऊ मागितले की वीस उरतात. तिसऱ्या टप्प्यात, दहा दिवस आधी, उरलेली रक्कम, आणि तिथून पुढे गळणाऱ्याला परतावा नाही. त्याच्या जागी त्यानेच माणूस द्यायचा. हे पहिल्याच संदेशात लिहावं, नंतर सांगितलं की आप्पा-नाना नाराज होतात. सोळाचा आकडा आम्ही सोडत नाही, कारण चौघांचे चार गट होतात. पंधरा झाले तर एक गट तिघांचा करावा. सतरावा आला तर त्याला प्रतीक्षा यादीत ठेवावं. पाच जणांच्या गटाला कोर्सवाले परवानगी देत नाहीत, आणि दिली तरी घेऊ नये.

मधल्या सहा आठवड्यांत दर रविवारी सकाळी क्लबात सराव. इथे क्रिकेटचं नेट वापरण्याचा मोह होतो. गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा आणि जेमतेम ४६ ग्रॅमचा. क्रिकेट नेटची घरं जवळपास तेवढीच, म्हणून तो एकतर अडकतो, नाहीतर जाळी फाडून पार जातो. त्यामागे शेडनेटचे दोन थर सैल टांगावेत. ताणून बांधलेलं नेट चेंडू परत फेकतं, सैल नेट तो जिरवतं. भिंत आणि नेट यांत निदान अर्धा मीटर जागा हवी. मैदानात मुलं खेळत असतील तर कडक चेंडू काढूच नयेत, फोमचे वापरावेत. सिमेंटवर काथ्याची चटई टाकून मारायला लावलं की मनगटं दुखावतात. खाली जिममधला रबरी तक्ता टाकावा.

पण खरा सराव पटिंगचा, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक हिरवळीवर (ग्रीनवर) पटर या स्टिकने चेंडू घरंगळवण्याचा, आणि त्याकडेच कुणी बघत नाही. नवख्याला एका ग्रीनवर तीन-चार फटके लागतात, म्हणजे अठरा होलमध्ये पन्नासहून जास्त फटके एकट्या पटरचे. क्लबच्या हॉलमधलं सपाट कार्पेट यासाठी पुरतं. होलच्या खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपची दोन इंची कडी कापून ठेवली की लक्ष्य तयार, आणि जळगावात पाइपचा तुकडा मागायला कुणाची ओळख लागत नाही. तीन फूट, सहा फूट, दहा फूट, या तीन अंतरांवर दहा-दहा. दहा फुटांवरून चेंडू कडीला लागणं महत्त्वाचं नाही, पुढच्या फटक्यात लागेल इतक्या जवळ थांबणं महत्त्वाचं.

नवख्यांना आम्ही ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची सगळ्यात मोठी स्टिक, देत नाही. रुसवे होतात, होऊ द्यावेत. पंचेचाळीस इंची दांडा आणि दहा-साडेदहा अंशांचं तोंड. फटका जरासा तिरका लागला की चेंडू केळीच्या घडासारखा वळतो आणि झुडपात जातो. मग शोध, मग वेळ. सात नंबरच्या आयर्नचं तोंड तीस अंशांच्या वर असतं, चेंडू उंच आणि बऱ्यापैकी सरळ जातो. शंभर मीटर सरळ गेलेला चेंडू दीडशे मीटर वाकडा गेलेल्यापेक्षा कधीही स्वस्त. एक हायब्रिड, सात आणि नऊ नंबर, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर, एवढ्या सहा स्टिकांत नवख्याचा दिवस निघतो. नियमाने चौदा नेता येतात, पण त्यातून निवड करायलाही वेळ जातो. चेंडू मात्र भरपूर हवेत. खेळलेल्याला सहा, नवख्याला बारा, तेही वापरलेले. प्रत्येकाने पर्मनंट मार्करने आपली खूण करावी, नाहीतर दोन सारखे चेंडू शेजारी सापडले की वाद सुरू.

बसचं गणित बॅगांवरून करायचं, माणसांवरून नाही. सतरा आसनी ट्रॅव्हलरमध्ये सोळा माणसं बसतात, बॅगा बसत नाहीत. भरलेली बॅग सव्वा मीटर लांब असते. निम्म्यांचे सेट पुण्यात भाड्याने घेतले तरी सात-आठ बॅगा आणि सोळा जणांच्या पिशव्या उरतातच. सव्वीस आसनी गाडी घेऊन मागच्या दोन रांगा सामानाला सोडाव्यात. टपावर बॅगा बांधू नयेत. दोर आवळला की ग्राफाइटचे दांडे तडकतात, आणि ती चीर कोर्सवर पोचेपर्यंत दिसत नाही. बॅगेच्या तोंडात टॉवेल कोंबावा, ड्रायव्हर स्टिकला टोपी घालावी, आणि बॅगा एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी येईल अशा रचाव्यात.

पहाटे साडेपाचला निघावं. पहूर, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड करत संभाजीनगरला नाश्ता, मग अहिल्यानगर, शिरूर. चारशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, थांबे धरून आठ ते नऊ तास. गाडीत घ्यायच्या जागा फक्त दोन ठेवाव्यात. ‘रस्त्यातच तर आहे’ म्हणत पाच ठिकाणी थांबलं की तास जातो. धुळ्याचे सभासद असतील तर त्यांनी चाळीसगाव-कन्नडमार्गे संभाजीनगरला येऊन मिळावं. चारच्या सुमारास ड्रायव्हिंग रेंजवर प्रत्येकाने एक बादली चेंडू मारावेत, जास्त नाही. दोन बादल्या मारणाऱ्याची पाठ दुसऱ्या दिवशी दहाव्या होलला बोलते. रात्रीच्या जेवणात झणझणीत शेवभाजीचा आग्रह कुणी धरू नये, सकाळी सातला पोटाची तक्रार ऐकायला कोर्सवर कुणी नसतं.

आता पद्धत. नुसते फटके मोजून जिंकणारा ठरवायचा, म्हणजे स्ट्रोक प्ले, हा मिश्र गटासाठी सगळ्यात वाईट पर्याय. नवखा एका पार-चारला (चार फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या होलला) तेरा फटके मारतो, ते सगळे मोजावे लागतात आणि सगळ्यांना बघावे लागतात. आम्ही दिवसाचे दोन भाग करतो. पहिले नऊ होल स्क्रॅम्बल, पुढचे नऊ स्टेबलफर्ड.

स्क्रॅम्बलमध्ये चौघेही टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारतात, त्यातला चांगला चेंडू निवडतात आणि चौघेही पुढचा फटका तिथूनच मारतात. होलमध्ये जाईपर्यंत असंच. नवख्याचे वाईट फटके विसरले जातात, आणि एखादा लांबचा पट (पटरचा फटका) पडला तर तो गटाचा हिरो. हरवलेले चेंडू शोधायचे नसतात, म्हणून वेगही बरा राहतो. एक अट घालावी लागते. नऊ होलमध्ये प्रत्येकाचा टीवरचा फटका किमान दोनदा वापरलाच पाहिजे. चार गुणिले दोन आठ, एक होल मोकळा. ही अट नसेल तर प्रत्येक वेळी गटातल्या तरबेज माणसाचाच चेंडू निवडला जातो आणि बाकी तिघे फिरायला आल्यासारखे होतात. नवख्याचे दोन फटके पार-तीनच्या होलवर आधीच उरकून घ्यावेत, शेवटच्या दोन होलपर्यंत ठेवले की दडपण येतं. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे माफ होणारे फटके, लावायचा तर चौघांच्या हँडिकॅपचे चढत्या क्रमाने २५, २०, १५ आणि १० टक्के घेऊन बेरीज करतात. १२, २४, ३६, ३६ असा गट असेल तर ३ + ४.८ + ५.४ + ३.६, म्हणजे १६.८, म्हणजे १७. हे अठरा होलचं. नऊसाठी निम्मं.

स्टेबलफर्ड ही फ्रँक स्टेबलफर्ड या डॉक्टरांनी रुजवलेली पद्धत. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात ती १९३२ साली खेळली गेली. प्रत्येक होलला फटके वजा हँडिकॅप केल्यावर पार आला तर २ गुण, एक जास्त लागला तर १, एक कमी लागला तर ३, दोन कमी लागले तर ४. पारपेक्षा दोन किंवा अधिक जास्त झाले की शून्य. शून्याच्या खाली काही नाही, तेव्हा गुण मिळण्याची आशा संपली की चेंडू उचलायचा. आमच्यासारख्या गटात हीच या पद्धतीची खरी कमाई.

ज्यांच्याकडे अधिकृत हँडिकॅप आहे त्यांचा इंडेक्स (हँडिकॅपचा नोंदलेला आकडा) कोर्सच्या स्लोपने गुणून ११३ ने भागायचा आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार मिळवायचं. स्लोप आणि रेटिंग हे कोर्स किती अवघड ते सांगणारे आकडे. हे गणित कोर्सचं कार्यालयही करून देतं. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी भारतात कंपन्यांच्या स्पर्धांत डबल पिओरिया सर्रास चालतो. आयोजक बारा होल गुपचूप निवडतात, त्यांवरच्या फटक्यांची बेरीज दीडपट करून त्यातून पार वजा करतात आणि उरलेल्याचे ८० टक्के हँडिकॅप धरतात. मजा येते, पण ती निव्वळ लॉटरी आहे. गुपित होलवर वाईट आणि बाकीच्यांवर चांगला खेळलेला जिंकतो. शिवाय खेळताना आपण कुठे आहोत हे कुणालाच कळत नाही. आम्ही सरळ ३६ देतो, म्हणजे प्रत्येक होलला दोन फटके माफ. मग नवख्याला एकच गोष्ट लक्षात ठेवायची: पार अधिक तीन. पार-चारला सातव्या फटक्यात चेंडू आत गेला तर एक गुण, नाही गेला तर उचला. पार-तीनला सहा, पार-पाचला आठ. कॅडीलाही हे आधी सांगून ठेवावं. ‘शेठ, उचला’ हे सोबत खेळणाऱ्याने म्हटलं तर बोचतं, कॅडीने म्हटलं तर चालतं.

एक प्रकार सांभाळायचा असतो. ‘अहो, दहा वर्षांत हात लावला नाही’ म्हणत ३६ घेणारे आणि मग पहिल्याच होलला पार मारणारे. जुने खेळाडू म्हणून ओळख असलेल्यांना १८ द्यावा, कुरकुर ऐकून घ्यावी आणि बदलू नये.

गट करताना प्रत्येकात एक जाणकार, एक मध्यम, दोन नवखे. नवरा-बायको एका गटात टाकायचे की नाही हे त्यांनाच विचारावं, शक्यतो खाजगीत. सगळ्यात चपळ गट पहिला सोडावा, सगळ्यात संथ शेवटचा. उलट केलं तर मागचे तिन्ही गट दर टीवर वाट पाहत बसतात.

नियम बसमध्येच, शिरूरच्या अलीकडे, वीस मिनिटांत सांगावेत. जास्त सांगितलं तर झोपतात. चेंडू शोधायला तीन मिनिटं. २०१९ पासून नियमातच पाचाची तीन झाली आहेत. हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर मागे टीवर परत जायचं नाही. जिथे गेला त्या अंदाजाने बाजूच्या फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) दोन दंडाच्या फटक्यांनी टाकायचा, ही सवलत कोर्सला स्थानिक नियम म्हणून देता येते आणि आम्ही आमच्या खेळापुरती ती लावतो. चेंडू टाकताना हात गुडघ्याच्या उंचीवर. जो तयार तो आधी मारेल, मान-पान नाही. झेंडा होलमध्येच राहू द्या. चेंडू माणसांकडे जातोय असं वाटलं की ‘फोर’ ओरडा, लाज बाळगू नका. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) निघताना वाळू सारखी करा. गाडी ग्रीनजवळ नेऊ नका. आणि झुडपात चेंडू गेला तर हात घालू नका, स्टिकने बाजू करा, साप थंडीतही असतात.

खेळाच्या दिवशी सूर्य सातनंतर उगवतो. चार गटांच्या वेळा ७.२०, ७.३०, ७.४०, ७.५० अशा घ्याव्यात. सगळ्यांना मात्र ६.४० ची वेळ सांगावी. गट फोडून एकाच वेळी निरनिराळ्या होलवरून सुरुवात करणं, म्हणजे शॉटगन, सोळा जणांसाठी कोर्स देत नाही, त्याला सबंध कोर्स रिकामा लागतो. सुरुवातीला ग्रीनवर दव असतं. चेंडू अडखळत जातो, पट जरा जोरात मारावा लागतो. नऊनंतर तेच ग्रीन पळतं आणि सकाळच्या सवयीने मारलेला पट होलच्या पुढे पाच फूट जातो. कॅडी सांगतो, ऐकावं.

पहिले नऊ होल अडीच तासांत झाले पाहिजेत. कोंडी होते ती पार-तीनच्या होलवर, कारण पुढचा गट ग्रीनवरून हलेपर्यंत मागचा मारू शकत नाही. पुढचा गट ग्रीनवर पोचला की त्याने बाजूला उभं राहून मागच्यांना मारू द्यावं आणि मग आपले पट संपवावेत. एवढ्याने दर वेळी काही मिनिटं वाचतात.

पाणी आणि खाणं गाडीत. आमच्याकडून रावेर-यावलची केळी नेतो, माणशी तीन, म्हणजे चार डझन, देठाशी हिरवट अशी निवडलेली. पूर्ण पिकलेली बॅगेत दुपारपर्यंत काळी पडतात. केळ्याचे वेफर मात्र खेळताना नकोत, तेलकट बोटांनी पकड सुटते. मीठ-साखरेची पाकिटं, पट्टी, वेदनाशामक स्प्रे आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या नावांची चिठ्ठी प्रत्येक गटाच्या जाणकाराकडे द्यावी.

बक्षिसं लहान आणि बरीच ठेवावीत. स्क्रॅम्बलचा गट, स्टेबलफर्डचे पहिले तीन, पार-तीनवर झेंड्याच्या सगळ्यात जवळचा, आणि सगळ्यात लांब ड्राइव्ह, पण फेअरवेवर पडलेला. या शेवटच्या दोन बक्षिसांसाठी खुंटीला कागद-पेन बांधून पहिल्या गटाने ती रोवायची, प्रत्येक गटाने नाव लिहून पुढे सरकवायची, शेवटच्या गटाने उचलून आणायची. शेवटच्या गटाला हे तीनदा सांगावं लागतं. कार्ड स्वतःचं स्वतः लिहायचं नाही, गटात अदलाबदल करायची. स्टेबलफर्डमध्ये गुण सारखे झाले तर शेवटच्या सहा होलची, मग तीनची, मग अठराव्याची बेरीज बघायची, आणि हे आधी जाहीर करायचं.

कॅडींची बक्षिशी पाकिटांत आधीच घालून, सगळ्यांना सारखी, आयोजकाने द्यावी. प्रत्येकाने आपापली दिली की आकडे कळतात आणि पुढच्या वेळी कोर्सवर तेच मागितले जातात. तीनच्या सुमारास निघालं तर मध्यरात्रीच्या आत जळगाव. बस सोडण्याआधी भाड्याच्या बॅगा परत करताना स्टिका मोजून पावती घ्यावी. पटर ग्रीनवर आणि वेज बंकरच्या काठावर विसरण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि हरवलेल्या स्टिकचे पैसे अनामतीतून कापले जातात. कुणाची हरवली हे बसमध्येच ठरवावं. हिशेब चार दिवसांत ग्रुपवर टाकावा, उरलेली रक्कम परत करावी, आणि पुढच्या सहलीसाठी ठेवायचं कुणी सुचवलं तरी ठेवू नये.